सूर्यावरचे लहान डाग

'तारे पाहण्यातला आनंद' या विषयावर लिहा, असे मासिकाच्या संपादकांनी कळवले होते. मी तारे पाहत नाही. माझे काम सूर्याचे आहे, आणि सूर्यही मी डोळ्याने पाहत नाही, कागदावर पाडतो. आनंदाबद्दल म्हणाल तर मागच्या तीन वर्षांत तो फारसा हाती लागलेला नाही. तरी लिहितो, कारण वर्ध्यात मी नेमके काय करतो हे माझ्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही. ते मला ग्रहण सुटायची वेळ विचारतात आणि मुलीची पत्रिका दाखवतात.

आधी काम सांगतो. मी शिकवतो त्या कॉलेजच्या गच्चीवर तीन इंची भिंगाची पितळी दुर्बीण तिपाईवर बसवायची. तिचे तोंड सूर्याकडे करायचे आणि मागच्या बाजूला एका फळीवर पांढरा कागद लावायचा. कागदावर सहा इंची वर्तुळ आधीच काढलेले असते. सूर्याची प्रतिमा त्या वर्तुळात बरोबर बसली की तिच्यावर काळे ठिपके दिसतात. हे सूर्यावरचे डाग. ते पेन्सिलीने जिथल्या तिथे उतरवून घ्यायचे. डाग बहुधा घोळक्याने असतात. घोळके मोजून दहाने गुणायचे, त्यात सुट्या डागांची संख्या मिळवायची. आलेल्या बेरजेला ज्याच्या त्याच्या गुणकाने गुणायचे. हा गुणक म्हणजे त्या माणसाचा डोळा आणि त्याचे भिंग यांचा मिळून ठरलेला हिशेब. कोणाला कमी दिसते, कोणाला जास्त. गुणक लावला की सगळ्या जगाचे आकडे एका पातळीवर येतात. एकच अट असते. डोळा तोच हवा, भिंग तेच हवे आणि वेळही शक्यतो तीच हवी.

आमच्याकडे वेळ सकाळची. सूर्य शेजारच्या जिनिंग कारखान्याच्या धुराड्याच्या वर आला की सुरुवात, आणि गच्ची तापायच्या आत शेवट. एकदा गच्ची तापली की तव्यावरच्या हवेसारखी हवा थरथरते आणि प्रतिमेची कड उकळू लागते. एप्रिल-मे महिन्यांत डोक्याला ओला दुपट्टा बांधूनही अर्ध्या तासापलीकडे काम होत नाही. कापसाच्या हंगामात निराळा त्रास. जिनिंगमधून उडालेली रुईची तुसे कागदावर येऊन बसतात आणि अगदी डागासारखी दिसतात. त्याला उपाय सोपा आहे. कागद हलवायचा. कागदाबरोबर जे हलेल ते तूस, आणि जागचे हलणार नाही ते सूर्यावरचे.

एकावन्न सालापासून मी हे रोज करत आलो. चौपन्न साली सूर्य आठवडेच्या आठवडे कोरा असे. मी कोरे वर्तुळ काढून खाली तारीख घालत असे. प्राचार्य एकदा गच्चीवर आले, तो कागद पाहून म्हणाले, "काय हो, आज काही काम झालेले दिसत नाही."

"शून्य हाही आकडाच आहे, सर," मी म्हणालो.

"मग महिनाभराचे शून्य एकदम का नाही लिहून टाकत?"

ते थट्टा करत होते. पण असे करणारे लोक असतात, म्हणून मी हसलो नाही.

दुसरे गिऱ्हाईक गुलाबचंदजी. सिंदीचे कापसाचे अडते. सूर्यावर डाग वाढले की पाऊस वाढतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. वर्ध्याच्या बाजाराला आले की जिना चढून ते थेट वर येत.

"पंडतजी, आज कित्ते दाग हाये?"

"सेठजी, मी पंडित नाही. सात घोळके आहेत."

"मंग पानी?"

"पाण्याचे मला माहीत नाही."

"मालूम नाई, त मंग रोज रोज देखता कायले?"

या प्रश्नाला मी उत्तर देत असे, आणि ते ऐकण्याआधीच ते जिना उतरू लागत. ते उत्तर आता इथे देतो.

सूर्याचे डाग साधारण अकरा वर्षांत वाढतात, शिखराला पोचतात आणि ओसरतात. मोठे डाग सगळेच मोजतात. माझा विषय होता लहान डाग, टाचणीच्या टोकाएवढे. मोठा घोळका जन्माला येण्याआधी त्या जागी असे चार-दोन ठिपके उमटतात. कधी त्यांचे पुढे काही होते, कधी दुसऱ्या दिवशी जागा कोरी असते. कोणते ठिपके टिकतात, कोणते विरतात, आणि सूर्य शिखराकडे चढताना हे प्रमाण कसे बदलते, हा माझा प्रबंध होता. दक्षिणेतल्या एका मोठ्या वेधशाळेतले एक शास्त्रज्ञ मला पत्राने मार्गदर्शन करत. माझे कागद त्यांना पसंत होते. त्यांनी स्वच्छ लिहिले होते की कोऱ्या सूर्यापासून शिखरापर्यंत एकाच भिंगाची, न तुटलेली मालिका मी पुरी केली, तर प्रबंध होईल आणि वेधशाळेत मदतनीसाची जागा मला देता येईल.

जिल्ह्याच्या गावी शिकवणाऱ्या माणसाला अशी संधी दुसऱ्यांदा येत नाही. आमच्या कामात वेध घेणारा माणूस वेधशाळेबाहेर फार काळ टिकत नाही. तो शिकवणीचा मास्तर होतो. मी पुढच्या महिन्याच्या वर्गांपेक्षा पुढच्या सकाळचा विचार जास्त करत असे. घरीही तेच. आम्ही जाणारच, म्हणून पत्नीने अंगणात कागदी लिंबाचे झाड लावले नाही. "फळ धरेपर्यंत आपण कुठे इथे राहतो?" ती म्हणायची. शेजारणीने दिलेले रोप तिने परत केले.

पंचावन्नपासून सूर्य झपाट्याने भरू लागला. छप्पन्नच्या पावसाळ्यात ढगांच्या फटीतूनही इतके डाग दिसत की पेन्सिलीला टोक करायला सवड मिळत नसे. शिखर वर्ष-दीड वर्षावर आले होते.

आता आमच्या कॉलेजातली एक पद्धत सांगितली पाहिजे. खंडेनवमीला सगळ्या विभागांची उपकरणे सभागृहात मांडून त्यांची पूजा होई. तराजू, भूमितीची मोठी परकारे, बेडकाचा सांगाडा, नकाशे. माझ्या प्रयोगशाळेतला शिपाई सुखदेव. तो महार होता. वर्षभर माझ्या दुर्बिणीला त्याच्याशिवाय दुसऱ्याचा हात लागत नसे. ती वर चढवणे, खाली उतरवणे, पेटीत ठेवणे सगळे त्याचे. पूजेच्या दिवशी मात्र त्याने सभागृहात जायचे नाही. तो तिपाई आणि दुर्बिणीची पेटी उंबऱ्यापर्यंत आणायचा, आणि रसायन विभागातला म्हातारा शिपाई महादेव ती आतून घ्यायचा. या व्यवस्थेचा आम्ही दोघांनी न बोलता एक फायदा करून घेतला होता. भिंगाला हळद-कुंकू लागू नये म्हणून दुर्बीण कपाटातच राही आणि पेटी रिकामीच जाई. बंद पेटीवर हळद-कुंकू, झेंडूचा हार पडे. ती उघडून कोणी पाहिली नाही.

त्या वर्षी नवमीच्या आधी सुखदेव माझ्याकडे आला.

"सर, चार दिवस सुट्टी पायजे. नागपूरले जातो."

"दसऱ्याला?"

"दीक्षा हाये ना. घरचे सगळेच चाललो. माय त दोन दिवसांपासून भाकरी बांधून राह्यली."

"जा," मी म्हणालो. अर्जावर सही केली. तो नसणार हे मला माहीत होते, पण त्याच्या नसण्याचा उंबऱ्याशी काही संबंध आहे हे डोक्यात आले नाही. नवमीला सकाळचा वेध मी एकट्यानेच घेतला, दुर्बीण कपाटात ठेवली आणि नियमाप्रमाणे किल्ली ऑफिसात दिली.

दसऱ्याला सकाळी कपाट रिकामे दिसले. सभागृहात गेलो. मधोमध तिपाईवर दुर्बीण उभी होती. गळ्यात झेंडूचा हार, पितळ सोन्यासारखे झालेले. महादेव बाजूला उभा होता. तोंडभर हसत होता.

"पाहा सर, कशी लखलखून राह्यली! सुखदेव नव्हता, म्हटलं आपणच काढा. पितळ त पार काळं पडलं होतं. चिंच लावली, राखुंडी लावली."

"आणि काच?"

"काच त पहिले घासली. तिच्यावर डाग होते ना जी, जांभळे जांभळे. निंघतच नव्हते. मंग बारीक रांगोळी घेतली आन् दोन घंटे बसलो. पाहा आता, एक डाग नाई."

ते जांभळे डाग म्हणजे भिंगावर कारखान्यातच चढवलेला लेप होता. प्रकाश वाया जाऊ नये म्हणून तो असतो. रांगोळी म्हणजे दळलेला दगड. मी हार काढला आणि भिंग तिरपे धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. सगळ्या काचेवर गोल गोल बारीक ओरखडे होते. परातीवर असतात तसे. महादेवने ते अगदी मन लावून, एकसारखे घासले होते. तो म्हणाला, "सर, कुंकू लावू का तुमाले?" आणि मी कपाळ पुढे केले.

मग दुर्बीण घेऊन वर गेलो. सूर्य कागदावर पाडला. मोठे डाग होते. त्यांच्याभोवती दुधट धुके होते. आदल्या दिवशी पूर्वेच्या कडेजवळ मी तीन लहान ठिपके काढले होते. नवीन घोळका येणार असा माझा अंदाज होता. ती जागा कोरी होती. कागद हलवला, भिंग फिरवले. ठिपके विरले होते की मला दिसत नव्हते, हे मला सांगता येईना. त्या दिवसापासून हे कधीच सांगता आलेले नाही.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बोलावून बसवले, चहा मागवला.

"तुमच्या त्या गुणकाने भागत नाही का? कमी दिसते म्हणता, तर गुणक वाढवा."

"बेरीज दुरुस्त होईल, सर. पण माझा विषय बेरजेचा नाही. न दिसलेला ठिपका गुणकाने दिसत नाही."

"अहो, पण कोण तपासायला येणार आहे वर्ध्याच्या गच्चीवर?"

"कोणी नाही. म्हणून तर."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "नव्या भिंगासाठी अर्ज करायचा तर नुकसानीचे कारण दाखवावे लागेल. जबाबदार नोकर जागेवर नव्हता, असे लिहा."

मी लिहिले की रजा मी मंजूर केली होती, आणि भिंग पूजेसाठी स्वच्छ करताना खराब झाले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि सही न करता पुढे पाठवला.

सुखदेव परत आला तो पांढऱ्या सदऱ्यात. मी त्याला भिंग दाखवले. त्याने ते खिडकीशी नेऊन, तिरपे धरून पाहिले.

"सर, इतकी वर्सं मले आत येऊ देत नव्हते," तो म्हणाला, "म्हणून तुमची काच वाचून राह्यली होती."

हे तो रागाने म्हणाला नाही. थोडासा हसलाही. मग म्हणाला, "पण आता मी त्या उंबऱ्यावर पेटी घेऊन उभा नाई राहाचा. पुढच्या साली दुसरा कोनी पाहून घेजा."

"नको राहूस," मी म्हणालो. त्या आठवड्यात मी बोललेले हे एकच वाक्य मला आजही बरोबर वाटते. तो गेला नसता तर बरे झाले असते, असे मी एकदाही म्हणू शकलो नाही. आणि तो गेला नसता तर भिंग वाचले असते, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही आकडे बरोबर असून बेरीज जुळत नाही, अशी गोष्ट माझ्या आयुष्यात ही एकच.

नागपूरच्या चष्म्यांच्या दुकानात भिंग नेले. दुकानदाराने ते उलटसुलट करून पाहिले. "पॉलिश करून देऊ साहेब, पण मंग हे तुमचं भिंग राहाणार नाई, दुसरंच होऊन जाईन." तो खरे बोलत होता. नवे भिंग बाहेर देशातूनच येणार होते. अर्ज नागपूरच्या कचेरीत गेला, आणि पुढच्याच महिन्यात राजधानी नागपूरहून उठली. आम्ही मुंबईच्या राज्यात गेलो. फायली पेट्यांत भरून निघाल्या. माझी फाईल कोणत्या पेटीत गेली, हे मला वर्षभर कोणी सांगू शकले नाही. ती सापडली तेव्हा परकीय चलनाची टंचाई सुरू झाली होती.

वेधशाळेला मी सगळे खरे कळवले. उत्तर सभ्य होते. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंतचे माझे कागद ते जपून ठेवणार होते. शिखराचे काम दुसऱ्या ठिकाणच्या वेधांवरून होईल, असे त्यांनी लिहिले होते. जागेबद्दल पत्रात काही नव्हते. मी ते पत्र पत्नीला वाचून दाखवले. तिने विचारले, "म्हणजे आता नाही ना?" मी म्हणालो, "नाही." ती आत जाऊन भात उपसू लागली.

सत्तावन्न आणि अठ्ठावन्न या दोन वर्षांत सूर्यावर जितके डाग आले तितके जुन्या नोंदींत कुठेच नाहीत, असे जगभरचे वेधकर्ते सांगतात. मीही ते पाहिले. रोज गच्चीवर जात होतो. धुक्यात काळे गोळे तरंगावेत तसे मोठमोठे डाग कागदावर उतरत, आणि त्यांच्या मधली सगळी जागा, जिथे माझा विषय होता, ती पांढरी असे. मी दिसले तेवढे काढत असे. एकदा गुलाबचंदजी वर्तमानपत्र घेऊनच वर आले.

"पंडतजी, पेपरवाले म्हणते का सूरज दागानं भरून गेला. तुमच्या कागदावर त कम हाये."

"माझे भिंग खराब झाले आहे, सेठजी."

"मंग सच्चा आकडा कोनाचा?"

"त्यांचा."

त्यांनी पेपर घडी करून काखेत मारला. इतक्या वर्षांत त्यांना माझ्याकडून पाऊस कळला नव्हता, पण माझ्या आकड्यावर त्यांचा विश्वास होता. त्यानंतर ते वर आले नाहीत. बाजारात भेटले की रामराम करतात.

यंदा नवे भिंग आले. लाकडी खोक्यात, भुश्शात गुंडाळलेले, जांभळ्या लेपाचे. बसवले तेव्हा सुखदेव फळीपाशी होता. कागदावर लहान ठिपके दिसले, टाचणीच्या टोकाएवढे, तीन वर्षांनी पहिल्यांदा. तो ओरडला, "सर, आले!" मीही वाकून पाहिले. ठिपके होते. पण सूर्य आता ओसरू लागला आहे. चढताना काय होते हा माझा प्रश्न होता, आणि ते पाहायला पुढच्या शिखरापर्यंत थांबावे लागेल. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली असेन. डोळ्यांना आत्ताच चाळिशी लागली आहे, म्हणजे डोळाही तो राहिला नाही. त्या वयाचा मदतनीस कोणतीही वेधशाळा घेत नाही, आणि घेऊही नये. जुन्या पाच वर्षांचे कागद एका बाजूला राहिले. पुढे जे काही होईल ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही जोडणारे भिंग दोन घंट्यांत गेले.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पत्नीने शेजारणीकडून लिंबाचे रोप मागून आणले आणि विहिरीजवळ लावले. मला तिने सांगितले नाही. सकाळी गच्चीवर जायला निघालो तेव्हा ते मला दिसले.

परवाच्या खंडेनवमीला सूचना नेहमीप्रमाणे फिरली. सुखदेव त्याच्या जागी, प्रयोगशाळेत, स्टुलावर बसून होता. मी दुर्बीण कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि या वेळी किल्ली खिशात घातली. तिपाई आणि पेटी घेऊन मी सभागृहाच्या दारापर्यंत गेलो. महादेव आतून आला. तो आता फार थकला आहे. पेटी त्याने दोन्ही हातांनी घेतली. ती हलकी आहे हे त्याला कळले असणार.

"सर, आत या ना जी," तो म्हणाला. "तुमी काऊन बाहेर उभे?"

"इथूनच बरे आहे," मी म्हणालो.

त्याने पेटी मधोमध ठेवली, तिला हळद-कुंकू वाहिले, हार घातला आणि हात जोडले. मीही उंबऱ्याबाहेरून जोडले.